प्रोजेक्ट झोंबॉइड

हा लेख संगणकीय खेळाविषयी आहे. आनंद यादव यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीसाठी पाहा: झोंबी (कादंबरी).

प्रोजेक्ट झोंबॉइड हा ‘द इंडी स्टोन’ या मूळच्या ब्रिटिश स्वतंत्र खेळनिर्मिती संस्थेने विकसित केलेला संगणकीय खेळ आहे. झोंबींनी व्यापलेल्या प्रदेशात शक्य तितके दिवस तग धरून राहणे, एवढेच या खेळात खेळाडूचे काम असते. खेळाला ठरलेला शेवट नाही आणि विजयाची अट नाही. पात्राचा मृत्यू अटळ आहे, हे खेळाच्या आरंभीच पडद्यावर सांगितले जाते. या खेळाची पहिली विक्री इ.स. २०११ मध्ये सुरू झाली आणि ८ नोव्हेंबर २०१३ रोजी तो ‘स्टीम’ या वितरण मंचावर ‘अर्ली ॲक्सेस’ प्रकारात, म्हणजे निर्मिती चालू असतानाच विक्रीस आला. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या प्रणालींवर तो चालतो.

नाव

इंग्रजीतील ‘झोंबी’ हा शब्द हैतीमधील लोकसमजुतींतून आला असून त्याचे मूळ आफ्रिकी भाषांत मानले जाते. मराठीत ‘झोंबणे’ या क्रियापदावरून आलेला ‘झोंबी’ हा शब्द झटापट किंवा अंगाला भिडून केलेली लढत या अर्थाने पूर्वीपासून प्रचलित आहे. या दोन शब्दांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने परस्परांशी संबंध नाही. चालत्या प्रेताची कल्पना जगभर रूढ होण्यास जॉर्ज रोमेरो यांचे ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) आणि ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) हे चित्रपट कारणीभूत ठरले. प्रस्तुत खेळातील झोंबी याच परंपरेतील आहेत. ते एकेकटे असताना संथ व दुबळे असतात, परंतु समूहाने आल्यास त्यांना आवरणे कठीण होते.

कथानकाची पार्श्वभूमी

खेळ जुलै १९९३ मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यात घडतो. फोर्ट नॉक्स या लष्करी तळाच्या परिसरातील मल्ड्रॉ व वेस्ट पॉइंट ही खरी गावे, तसेच रोझवुड व रिव्हरसाइड ही काल्पनिक गावे नकाशात आहेत. राज्यातील सर्वांत मोठे शहर लुइव्हिल नंतर जोडले गेले. अज्ञात रोगाचा फैलाव झाल्यामुळे लष्कराने या प्रदेशाची नाकेबंदी केली आहे, असे कथासूत्र आहे. ते कोणी पात्र सांगत नाही. चालू असलेल्या दूरचित्रवाणी व रेडिओ केंद्रांवरील बातम्यांतून ते तुकड्यातुकड्यांनी कळते. पहिल्या काही दिवसांत ही केंद्रे एकेक करून बंद पडतात आणि शेवटी हवामान सांगणारे स्वयंचलित आपत्कालीन प्रसारण तेवढे उरते.

विकास

ख्रिस सिम्पसन, अँडी हॉजेट्स, मरीना सिउ-चाँग आणि निक कॉवेन यांच्या लहानशा गटाने या खेळाची सुरुवात केली. अपूर्ण खेळ विकून त्याच पैशांवर तो पूर्ण करण्याची पद्धत ‘माइनक्राफ्ट’ने २००९ पासून रुळवली होती आणि या गटाने तिचाच अवलंब केला. ऑक्टोबर २०११ मध्ये विकासकांच्या घरी चोरी होऊन दोन लॅपटॉप गेले. त्यात खेळाचे नवे काम होते व त्याची अद्ययावत प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती. त्यामुळे काम लांबले आणि आधीच पैसे भरलेल्या ग्राहकांच्या रोषाला गटास तोंड द्यावे लागले. पूर्वविक्रीच्या पद्धतीतील धोके दाखवणारे उदाहरण म्हणून या घटनेचा पुढेही उल्लेख होत राहिला.

प्रारंभीच्या आवृत्तीत जखमी पत्नी केटची काळजी घेणाऱ्या बॉब नावाच्या पात्राची छोटी कथा होती. संगणकाने चालवलेली अन्य जिवंत माणसेही होती. नंतर ही माणसे काढून टाकण्यात आली आणि सुधारित स्वरूपात ती परत आणली जातील, असे सांगण्यात आले. पुढील वर्षांत अनेक खेळाडूंनी एकत्र खेळण्याची सोय, वाहने आणि ऋतुमानानुसार बदलणारे हवामान यांची भर पडली.

‘बिल्ड ४१’ ही आवृत्ती चाचणीसाठी २०१९ मध्ये आणि स्थिर स्वरूपात डिसेंबर २०२१ मध्ये आली. पात्रांच्या हालचाली तिच्यात नव्याने रचलेल्या होत्या. त्यानंतर खेळाची लोकप्रियता एकदम वाढली आणि जानेवारी २०२२ मध्ये स्टीमवर एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या ६५,००० च्या वर गेली. ‘बिल्ड ४२’ची अस्थिर आवृत्ती १७ डिसेंबर २०२४ रोजी उपलब्ध झाली. तीत पशुपालन, तळघरे, उंच इमारती आणि विस्तारित हस्तव्यवसाय आहेत, मात्र ती प्रसिद्ध झाली तेव्हा तीत सामूहिक खेळ नव्हता.

खेळाचे स्वरूप

खेळाडू जगाकडे वरून तिरक्या कोनातून पाहतो. आरंभी तो पात्राचा व्यवसाय आणि गुणदोष निवडतो. चांगल्या गुणांसाठी गुणांक खर्च होतात आणि दोष स्वीकारल्यास ते परत मिळतात. व्यवसायाचे परिणाम ठोस असतात. घरफोड्याचा व्यवसाय निवडल्यास किल्लीविना मोटार सुरू करता येते, तर इतरांना त्यासाठी विद्युतकाम व यंत्रदुरुस्ती शिकावी लागते.

भूक, तहान, झोप, थकवा, थंडी, भीती आणि कंटाळा यांची नोंद खेळ सतत ठेवतो. वीज व पाणीपुरवठा सुरुवातीला चालू असतो. मूळ मांडणीत पहिल्या महिन्याभरात तो कोणत्याही दिवशी खंडित होतो. त्यानंतर शीतकपाटातील अन्न नासते आणि पावसाचे पाणी साठवून ते उकळून प्यावे लागते. जनित्र वापरण्यासाठी त्याविषयीचे मासिक शोधून वाचावे लागते. जनित्र घरात चालवल्यास धुराने मृत्यू येतो, म्हणून ते बाहेर ठेवावे लागते आणि तेथे त्याचा आवाज झोंबींना ऐकू जातो.

आवाज हा खेळाचा कणा आहे. बंदूक जवळच्या शत्रूला मारते, पण दूरवरच्या शत्रूंना बोलावून घेते. पहिल्या काही दिवसांत एक हेलिकॉप्टर घिरट्या घालते आणि त्याच्या मागे झोंबींचे लोंढे येतात. त्या दिवशी उघड्यावर सापडलेले नवखे पात्र सहसा वाचत नाही.

झोंबीच्या हल्ल्यात तीन प्रकारच्या जखमा होतात. मूळ मांडणीत ओरखड्यातून संसर्ग होण्याची शक्यता ७ टक्के, फाटलेल्या जखमेतून २५ टक्के आणि चाव्यातून १०० टक्के असते. संसर्गावर उपाय नाही आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू होतो. त्यानंतर त्याच जगात नवे पात्र घेऊन खेळता येते व आपलेच पूर्वीचे पात्र झोंबी होऊन समोर येऊ शकते.

बलस्थाने

क्षुल्लक गोष्टींना मिळणारे महत्त्व ही या खेळाची मुख्य ताकद मानली जाते. खिडकीला लावलेली चादर दृष्टी अडवते आणि तीच चादर दोर म्हणून वरच्या मजल्यावरून उतरण्यास उपयोगी पडते. काच फोडून आत शिरल्यास हात कापतो, जखमेतील काच काढून पट्टी बांधावी लागते आणि पट्टी मळली तर बदलावी लागते. दैनंदिन अनुभवाचे ज्ञान येथे बहुधा लागू पडते, त्यामुळे नियम माहीत नसतानाही खेळाडू तर्काने मार्ग काढू शकतो.

दुसरे बलस्थान म्हणजे कथा रचली न जाता घडते. लेखकाने ठरवलेले प्रसंग नसल्यामुळे प्रत्येक पात्राचे आयुष्य वेगळे होते. मृत्यू कायमचा असल्याने साध्या निर्णयालाही वजन येते. औषधाच्या दुकानात शिरावे की अंधार पडण्यापूर्वी परतावे, हा प्रश्न येथे खरोखरचा पेच होतो.

तिसरे म्हणजे नियम बदलण्याचे स्वातंत्र्य. ‘सँडबॉक्स’ मांडणीत झोंबींची संख्या, वेग, दृष्टी, संसर्गाची रीत आणि वीज जाण्याचा काळ खेळाडू स्वतः ठरवतो. झोंबी अजिबात नसलेले जगही निर्माण करता येते. ‘लुआ’ या भाषेत लिहिलेल्या भरींद्वारे हौशी रचनाकारांनी नवी गावे, वाहने व साधने जोडली आहेत.

मर्यादा व आक्षेप

खेळ शिकवतो कमी आणि शिक्षा अधिक करतो, हा नेहमीचा आक्षेप आहे. कौशल्यविषयक पुस्तक वाचल्याने प्रत्यक्ष कौशल्य वाढत नाही, तर पुढील सरावाचा वेग वाढतो. म्हणून पुस्तक आधी आणि सराव नंतर, हा क्रम महत्त्वाचा ठरतो. ही बाब न उमगल्यास अनेक तासांचे श्रम वाया जातात. सुतारकाम किंवा यंत्रदुरुस्तीत प्रावीण्य मिळवण्यासाठी तीच कृती शेकडो वेळा करावी लागते. वस्तूंच्या लांबलचक याद्या हाताळणे हेही कंटाळवाणे काम आहे.

दाराआड उभ्या असलेल्या एका झोंबीच्या चाव्याने पन्नास तासांचा डाव संपू शकतो. काही खेळाडूंना हाच खेळाचा प्राण वाटतो, तर काहींना तो अन्याय वाटतो. ओरखड्यानंतर संसर्ग झाला की नाही, हे खेळ लगेच सांगत नाही. मळमळीसारखी चिन्हे नासक्या अन्नानेही दिसतात. ही अनिश्चितता भय निर्माण करते, पण फासा आधीच पडून गेलेला असल्यामुळे त्या काळात खेळाडूच्या हाती काही नसते.

सर्वांत गंभीर उणीव दीर्घकाळ जगलेल्या पात्राच्या बाबतीत जाणवते. तटबंदी, शेती, पाणी आणि वीज यांची सोय झाल्यावर धोका ओसरतो आणि करण्याजोगे काही उरत नाही. उपचार शोधणे किंवा प्रदेशाबाहेर पडणे असे ध्येय नाही आणि बोलायला दुसरे जिवंत माणूस नाही. जिवंत माणसांच्या पुनरागमनाची प्रतीक्षा २०११ च्या ग्राहकांना एका तपाहून अधिक काळ करावी लागली आहे. बिल्ड ४२ मधील स्नायूंवरील ताणाची नवी पद्धत लढाई फार संथ करते, अशीही टीका झाली. तिची तीव्रता बदलण्याची सोय नंतर देण्यात आली. मोठ्या आवृत्तीबदलानंतर जुने डाव व अनेक भरी निरुपयोगी होतात.

बलस्थाने आणि मर्यादा यांचा उगम बऱ्याच अंशी एकच आहे. ध्येय लादले गेले तर स्वातंत्र्य घटते आणि मृत्यू सौम्य केला तर सावधगिरीला अर्थ उरत नाही. विकासाची संथ गती हा मात्र रचनेतून अपरिहार्यपणे येणारा दोष म्हणता येत नाही.

समकालीन खेळ

याच प्रकारातील आणखी दोन प्रमुख खेळ डिसेंबर २०१३ मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीस आले. डीन हॉल यांच्या ‘आर्मा २’वरील भरीतून स्वतंत्र खेळ झालेल्या ‘डेझी’त इतर खेळाडू हाच मोठा धोका असतो. त्याची पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. ‘सेव्हन डेज टू डाय’मध्ये दर सातव्या रात्री होणारा हल्ला खेळाडूला ठरावीक मुदत घालून देतो. त्याची पूर्ण आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली. या दोहोंच्या तुलनेत प्रोजेक्ट झोंबॉइडमधील दडपण बाहेरून कमी आणि पात्राच्या गरजांतून अधिक येते.

भारतीय संदर्भ

भारतात झोंबी हा विषय प्रामुख्याने चित्रपटांतून परिचित झाला. गोव्यात घडणारा ‘गो गोवा गॉन’ हा हिंदी चित्रपट २०१३ मध्ये, तर डोंबिवलीच्या पार्श्वभूमीवरील आणि आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. या दोन्ही चित्रपटांत भयाला विनोदाची जोड आहे. प्रोजेक्ट झोंबॉइडमध्ये विनोद क्वचितच आढळतो. त्याचा भर ओसाड घरे, उरलेले अन्न आणि एकटेपणा यांवर आहे.

हे सुद्धा पहा
संगणकीय खेळ
झोंबिवली
जॉर्ज रोमेरो