विंडोजमध्ये चालतं, लिनक्समध्ये गोठतं : ड्रायव्हरचा छोटा इतिहास

संशोधनाची तयारी करताना कधी ना कधी तुमच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स येतंच. गाईड सांगतात, सिनियर सांगतात, नाहीतर हवं ते सॉफ्टवेअरच लिनक्सवर असतं. मग एक नेहमीची तक्रार सुरू होते : विंडोज व्यवस्थित चालतंय, पण लिनक्समध्ये स्क्रीन काळी पडते किंवा रात्रभर लावलेलं सिम्युलेशन अर्ध्यावर गोठतं. लॅपटॉप खराब झाला का? बहुतेक वेळा नाही. हार्डवेअर एकच असलं तरी ते चालवणारे ड्रायव्हर दोन आहेत आणि दोघांचा इतिहास वेगळा आहे. तो समजला की दुरुस्ती कुठून सुरू करायची हेही समजतं.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषी. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलच्या आत बसलेला ड्रायव्हर चुकला तर सगळी सिस्टीम घेऊन पडतो. विंडोज एनटीमध्ये सुरुवातीला ग्राफिक्सचा बराच भाग कर्नलबाहेर होता. 1996 च्या एनटी 4.0 मध्ये वेगासाठी तो आत आणला. वेग मिळाला, सोबत धोकाही आत आला. 2003 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्विफ्ट, बर्शाड आणि लेव्ही यांच्या शोधनिबंधात आकडा आहे : विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी 85 टक्के ड्रायव्हरमुळे. लिनक्सही सुटलं नव्हतं. 2001 च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ड्रायव्हरच्या कोडमधल्या चुकांचं प्रमाण बाकी कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत दिसलं.

विस्टापासून मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा भाग पुन्हा कर्नलबाहेर काढला आणि कार्ड अडकलं तर ते रीसेट करायची सोय केली. म्हणून विंडोजमध्ये कधी कधी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, काम चालू राहतं.

लिनक्सची वाट वेगळी. एनव्हिडियाचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर होता, पण त्याचा सोर्स कोड बंद. मग स्वयंसेवकांनी कार्ड कसं वागतं ते बाहेरून तपासत 'नूव्हो' हा खुला ड्रायव्हर लिहिला. 2010 मध्ये तो कर्नल 2.6.33 मध्ये आला. त्याच वर्षी एनव्हिडियाचं ऑप्टिमस आलं : एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप, गरजेप्रमाणे अदलाबदल. लिनक्ससाठी याला कंपनीचा आधार नव्हता, म्हणून लोकांनी 'बंबलबी' तयार केलं. 2011 मध्ये त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि काहींचं अख्खं यूएसआर फोल्डर पुसलं गेलं! 2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस तोरवाल्ड्सने एनव्हिडियाला जाहीर शिवी दिली, ती याच पार्श्वभूमीवर. पुढच्या कार्डांना कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागू लागलं आणि नूव्हो आणखी मागे पडला. मे 2022 मध्ये एनव्हिडियाने कर्नलमधला भाग अखेर खुला केला, तोही ट्युरिंग आणि त्यानंतरच्या कार्डांसाठीच.

आता तुमच्या लॅपटॉपकडे वळू. आधी डेटाचा बॅकअप घ्या. बंबलबीचा धडा तोच आहे. मग गोठण्याआधीच्या, म्हणजे मागच्या बूटचा लॉग वाचा. शेवटच्या ओळींत नूव्होचं नाव आहे की एनव्हिडियाचं, ते बघा. बूट होतानाच स्क्रीन काळी पडत असेल तर ग्रबच्या मेनूत कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' जोडून एकदा आत शिरा. हा तात्पुरता उपाय आहे, यावर कायम काम करू नका. नंतर तुमच्या डिस्ट्रिब्युशनच्या रिपॉझिटरीतलाच ड्रायव्हर टाका. वेबसाइटवरून उतरवलेली फाइल कर्नल अपडेट झाल्यावर बऱ्याचदा दगा देते.

ड्रायव्हर टाकूनही लोड होत नसेल तर सिक्युअर बूट तपासा. विंडोज 8 बरोबर 2012 मध्ये ते सर्रास आलं आणि सही नसलेलं मॉड्यूल त्यामुळे अडतं. इन्स्टॉलर की नोंदवायला सांगतो आणि पुढच्या बूटला त्यासाठी निळी स्क्रीन येते. घाईत ती ओलांडू नका. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना 'शट डाऊन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून ते पार्टिशन वापरताना फाइल बिघडू शकतात.

एका वेळी एकच बदल करा आणि कर्नलची आवृत्ती, ड्रायव्हरची आवृत्ती, तारीख वहीत लिहा. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी एखादं अपडेट आलं आणि सिम्युलेशन बंद पडलं, तर चालणाऱ्या जोडीकडे परत जायला तीच नोंद कामी येते.