विषाचे औषध : सेलेनियम आणि पशूंचे आरोग्य

एखाद्या द्रव्याला विष म्हणावे की पोषक, हे पुष्कळदा त्याच्या मात्रेवर अवलंबून असते. वैद्यकाला हे तत्त्व नवे नाही. परंतु पशुपोषणाच्या इतिहासात त्याची किंमत मुक्या जनावरांना मोजावी लागली. सेलेनियमचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस याने १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधून काढले व चंद्रदेवतेच्या ग्रीक नावावरून त्याचे नामकरण केले. पशुपालकांशी मात्र त्याचा परिचय झाला तो अनिष्ट रूपाने. १८५६ मध्ये मिसुरी नदीकाठच्या रँडल या लष्करी ठाण्यावरील घोड्यांची आयाळ व शेपटीचे केस झडू लागले आणि खूर दुखावले. मॅडिसन या लष्करी शल्यवैद्याने या विकाराची नोंद केली. तेथील वसाहतकऱ्यांनी पुढे असल्या विकाराचा दोष खाऱ्या पाण्याला दिला. १९३० नंतरच्या दशकात साउथ डाकोटातील संशोधकांनी खरे कारण दाखवून दिले : जमिनीतील सेलेनियम धान्यात व गवतात उतरत होते. १९४३ मध्ये त्यावर कर्करोगकारकतेचाही आरोप आला, आणि या द्रव्याची अपकीर्ती पूर्ण झाली.

अशा स्थितीत १९५७ मध्ये क्लाउस श्वार्ट्‌स व फोल्ट्‌झ यांनी जाहीर केले, की उंदरांच्या यकृताचा नाश टाळणाऱ्या एका अज्ञात पोषकाचा अविभाज्य घटक सेलेनियम हाच आहे. पुढच्याच वर्षी ऑरेगनमध्ये मुथ, ओल्डफील्ड व त्यांचे सहकारी यांनी मेंढ्यांवर प्रयोग केला. त्या प्रदेशात कोकरे ताठर पायांनी चालत, पाठीला बाक येई, आणि विकार हृदयाच्या स्नायूत पोचल्यास ती अचानक मरत. चिरून पाहता स्नायूंत पांढुरके पट्टे दिसत. म्हणून या रोगास ‘श्वेतस्नायू रोग’ म्हणत. मेंढ्यांच्या खाद्यात दर एक कोटी भागांस एक भाग, म्हणजे एका टनात केवळ एक दशांश ग्रॅम सेलेनियम मिसळताच त्यांची कोकरे या रोगापासून वाचली.

हे कसे घडते, याचा उलगडा व्हायला आणखी पंधरा वर्षे लागली. प्राणवायूवाचून प्राणी जगत नाही. पण तोच प्राणवायू वापरताना पेशींत पेरॉक्साइडासारखी दाहक द्रव्ये निर्माण होतात व पेशीपटलातील स्निग्धांशाचा नाश करू लागतात. १९२२ मध्ये एव्हान्स व बिशप यांनी शोधलेले ई जीवनसत्त्व पटलातच राहून ही साखळी तोडते. पेरॉक्साइडाचे पाण्यात रूपांतर करणाऱ्या एका विकराचा सेलेनियम हा घटक आहे, हे विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. एक आग पसरू देत नाही, दुसरे ठिणगी विझवते. म्हणूनच एकाची उणीव दुसरे काही अंशी भरून काढू शकते. हे संरक्षण अपुरे पडले, की जी अवस्था येते तिला १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा रूढ केली. तत्पूर्वीच, १९८४ मध्ये, ओहायोतील संशोधकांनी दाखवले होते, की या दोन पोषकांच्या पुरवठ्याने दुभत्या गाईंचा कासदाहही आटोक्यात येतो. कारण जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही याच संरक्षणाची गरज असते.

ज्ञान झाले म्हणून उपाय लगेच हाती येतो असे नाही. कर्करोगाच्या जुन्या आरोपामुळे अमेरिकेत डुकरे व कोंबड्या यांच्या खाद्यात सेलेनियम मिसळण्यास परवानगी मिळाली ती १९७४ मध्ये, म्हणजे ऑरेगनच्या प्रयोगानंतर सोळा वर्षांनी. ही सावधगिरी सर्वस्वी अनाठायी होती असेही म्हणता येणार नाही. कारण दर दशलक्ष भागांस पाच भाग सेलेनियम असलेले खाद्य दीर्घकाळ दिल्यास ते घातक ठरू शकते. रक्षक मात्रा आणि घातक मात्रा यांत सुमारे पन्नास पटींचेच अंतर. फिनलंडने १९८४ मध्ये सेलेनियम खतातून देण्याचा निर्णय घेतला, तो मातीतील उणीव जाणून.

रँडलचे घोडे आणि ऑरेगनची कोकरे एकाच द्रव्याची बळी होती : एकांना ते अधिक मिळाले, दुसऱ्यांना उणे. म्हणून मातीची परीक्षा केल्याखेरीज गोठ्यातील दुखण्याचे निदान पुरे होत नाही, हाच या इतिहासाचा धडा होय.