एका विस्मृत कादंबरीची ओळख

इंग्लंडच्या चर्चमधील धर्मोपदेशक श्रद्धा ढळल्यामुळे पद सोडतो, एवढेच कथानक स्मरणात उरले असता कादंबरी कोणती ठरवावी? जेम्स अँथनी फ्रूड यांची ‘द नेमेसिस ऑफ फेथ’ (१८४९) आणि मिसेस हंफ्री वॉर्ड यांची ‘रॉबर्ट एल्स्मिअर’ (१८८८) या दोहोंनाही ते लागू पडते. निर्णायक ठरते ते संशयाचे मूळ. फ्रूड यांच्या नायकाला अनंत नरकयातना देणारा ईश्वर न्यायी वाटत नाही. एल्स्मिअरचा चमत्कारांवरील विश्वास प्राचीन साक्षींच्या ऐतिहासिक चिकित्सेने ढळतो. पहिला संशय नैतिक, दुसरा ऐतिहासिक. पहिल्याचे मोल लेखकानेही मोजले : फ्रूड यांना ऑक्सफर्डमधील फेलोशिप सोडावी लागली. सारांश, पदत्यागाची घटना नव्हे, तर त्यामागील कारणच अशा कादंबरीची खरी खूण होय.