कुटुंबाची मोटार आणि मुलांची जागा

लेंकुरवाळ्या कुटुंबानें मोटार घेतांना तींत जागा किती असावी, हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. पण 'जागा' या शब्दाचा अर्थच आपल्याकडे दोन पिढ्यांत पालटला आहे.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊं लागली. तिचें पुढचें आसन बाकासारखें सलग व गियरचा दांडा सुकाणूपाशीं असे. त्यामुळें आईबापांच्या मध्यें एक मूल सहज मावे. बाकीचीं मागें दाटीवाटीनें बसत आणि सर्वांत धाकटें आईच्या मांडीवर. आमचें बालपण अशाच गाडींत गेलें. १९८३ सालीं मारुती ८०० आली, पुढचीं आसनें वेगळीं झालीं. तरी हिशेब तोच राहिला, माणसें किती मावतात?

वस्तुतः नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानें योजिलेला तीन ठिकाणीं अडकणारा आसनपट्टा व्होल्वो मोटारींत १९५९ सालींच आला होता. एक पट्टा एकाच जिवासाठीं, हा त्याचा नियम. टकरीच्या क्षणीं मुलाला धरून ठेवण्याचें बळ आईच्या बाहूंतही नसतें. आपल्याकडे २०१९ च्या कायदेदुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलांस पट्टा किंवा त्यांचें खास आसन आवश्यक केलें.

म्हणून मोटार पाहतांना डोकीं मोजूं नयेत, पट्टे मोजावे. मुलांचीं आसनें सोबत नेऊन मागें बसवून पाहावीं. मांडी ही मायेची जागा खरी, पण धांवत्या मोटारींत ती जागा नव्हे.