मंडईची वाट

‘अगोरा’ हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ बाजाराचा चौक, म्हणजे आम्हां पुणेकरांच्या बोलींत मंडई. बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनीं १८७१ सालीं एका चमत्कारिक दुखण्यास या शब्दावरून ‘अगोराफोबिया’ असें नांव दिलें. त्यांनीं वर्णिलेले तिघेही रोगी चालतेबोलते पुरुष होते. पण शहरांतला मोकळा चौक ओलांडावयाची वेळ आली, कीं त्यांचें पाऊल उचलत नसे. बरें, भिण्यासारखें तेथें कांहीं नाहीं, हें त्यांसही कळत होतें! कोणी सोबतीस असला, तर मात्र तोच चौक निभावून जाई.

या नांवावरून हें भय मोकळ्या जागेचें असावें, असा वाचकांचा समज होईल. तो अर्धाच खरा. गर्दी, आगगाडी, रांग यांचेंही भय त्यांत येतें. मुळाशीं धास्ती ही, कीं येथें मला कांहीं झालें तर सुटका कशी होणार? म्हणूनच आजाराची चिंता आणि हें भय पुष्कळदां एकत्र नांदतात. नाडी जलद झाली, कीं आतां हृदय बंद पडणार असें वाटतें. आणि तसें वाटलें, कीं नाडी आणखीच जलद होते.

आमच्या शहरानें रोगाचें भय दोन उलट तऱ्हांनीं भोगलें आहे. १८९७ सालच्या प्लेगांत माणसें घरासच भ्यालीं. घरांत उंदीर मेलेला दिसला, कीं घर सोडावें आणि गांवाबाहेर झोपडी बांधून राहावें. त्यांत रँडसाहेबांचे सोजीर रोगी शोधण्यासाठीं घरांत शिरत. तेव्हां दाराच्या कडीचाही भरंवसा उरला नाहीं. रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई फुले त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. पुढें २०२० सालीं, ९ मार्च रोजीं, महाराष्ट्रांतले पहिले करोनाचे रोगी पुण्यांतच आढळले, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. या खेपेस हुकूम उलटा होता: घराबाहेर पडूं नका. दोन्ही भयें साधार होतीं, हें विसरूं नये. परंतु टाळेबंदी उठली, तरी कित्येकांच्या मनांतली उठली नाहीं.

अशा माणसास घरचीं माणसें दोन प्रकारें छळतात. कोणी ‘नखरे आहेत’ म्हणतो. दुसरा मायेपोटीं ‘तूं बैस, मीच जाऊन येतों’ म्हणून त्याची प्रत्येक फेरी वांचवितो. आमच्या मतें हा दुसरा अधिक घातक. कारण टाळलेली प्रत्येक फेरी भयास खरें ठरविते. दहा वेळां रक्त तपासून घेण्याचेंही तसेंच. अहवालाचा दिलासा चार दिवस टिकतो. डॉक्टरांनीं एकदां नीट तपासून निर्वाळा दिला, म्हणजे तेथें थांबावें.

मनाचा तळ शोधण्यांत आयुष्य वेंचलेल्या फ्रॉइड यांसही १९१९ सालीं लिहावें लागलें, कीं अशा रोग्यास अखेर रस्त्यावर जावयास लावलें पाहिजे. पुढें मानसोपचारकांनीं त्याची पायरीपायरीची रीत बसविली. औषधांचाही कित्येकांस उपयोग होतो. आज दारापर्यंत, चार दिवसांनीं गल्लीच्या टोंकापर्यंत, मग दुपारच्या निवांत वेळीं मंडईपर्यंत. प्रथम सोबत घ्यावी, मग ती सोडावी. भय चढलें असतां पळून न येतां तेथेंच उभें राहिलें, तर तें कांहीं वेळानें आपोआप उतरतें. हा अनुभव कोणी सांगून येत नाहीं, तो स्वतःच घ्यावा लागतो. मधून मधून माघारही होते.

महात्मा फुले मंडई १८८६ सालीं उघडली. तेथें गणपतीच्या आदल्या दिवशीं धडधाकट माणसाचाही जीव गुदमरतो. भयानें वर्षभर घरांत बसलेल्या कोणी एखाद्या सकाळीं एकट्यानें तेथून पावशेर मिरच्या आणल्या, तर घरच्यांनीं त्या दिवशीं तरी भाव विचारूं नये.