डायसल्फाइड बंधांचे क्षपण : एका अभिकारकाचा इतिहास

प्रथिनांच्या रचनेचा इतिहास लिहिताना संशोधकांची नावे व त्यांना लाभलेले सन्मान यांची नोंद सहसा होते. ज्या साध्या रसायनांमुळे ते संशोधन शक्य झाले त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. डायथायोथ्रीटॉल हे अशाच उपेक्षित साधनांपैकी एक होय. त्याचे महत्त्व जाणण्यासाठी डायसल्फाइड बंध तोडण्याच्या पूर्वीच्या पद्धतींचा विचार करणे अगत्याचे आहे.

सिस्टीन या अमिनो आम्लातील दोन गंधक-अणू परस्परांशी जोडले गेले म्हणजे डायसल्फाइड बंध निर्माण होतो. लोकर, केस व पिसे यांच्या चिवटपणाचे हे एक प्रमुख कारण होय. 1934 साली गॉडार्ड व मिकाएलिस यांनी केराटिनावर थायोग्लायकोलिक आम्लाची अल्कधर्मी विद्रावात क्रिया घडवून हे बंध क्षपणाने तोडले, तेव्हा एरवी अपचनीय असणारे ते प्रथिन पाचक एंझाइमांना वश झाले.

पुढे इन्सुलिनाच्या रचनेचा शोध घेताना सँगर यांनी याच्या नेमका उलट मार्ग पत्करला. परफॉर्मिक आम्लाने ऑक्सिडीकरण करून त्यांनी 21 व 30 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या विलग केल्या. साखळ्यांचा क्रम वाचण्यासाठी ही पद्धत उत्तम ठरली. परंतु गंधकाचे सल्फोनिक आम्लात झालेले रूपांतर सहज परतवता येण्याजोगे नव्हते. मूळ प्रथिन पुन्हा उभे राहू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या मार्गाने मिळणे शक्य नव्हते.

ते उत्तर क्षपणाने दिले. अमेरिकेत बेथेस्डा येथे ॲन्फिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोन्यूक्लिएज या एंझाइमाचे चारही बंध 8 मोलर यूरियात मर्कॅप्टोएथॅनॉलाने तोडले. आठ गंधक-गटांच्या जोड्या 105 प्रकारे जुळू शकतात. तथापि यूरिया व क्षपणक काढून टाकल्यावर हवेतील ऑक्सिजनामुळे योग्य जोड्याच पुन्हा जुळल्या आणि एंझाइमाची क्रियाशीलता परतली. याहून उद्बोधक असा दुसरा प्रयोग आहे. यूरियातच ऑक्सिडीकरण झाल्याने चुकीच्या जोड्या जुळलेल्या प्रथिनाला यूरिया दूर केल्यावर मर्कॅप्टोएथॅनॉलाची अल्प मात्रा दिली असता ते हळूहळू मूळ रूपात आले. म्हणजे बंध तोडणारे द्रव्यच येथे चूक दुरुस्त करण्यास साहाय्यभूत झाले. या संशोधनासाठी ॲन्फिन्सन यांना 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्कॅप्टोएथॅनॉलात दोन उणिवा होत्या. त्याला उग्र दुर्गंधी होती, आणि त्याची प्रक्रिया समतोलापाशी थांबत असल्याने ते फार मोठ्या प्रमाणात घ्यावे लागे. 1964 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील क्लीलंड यांनी डायथायोथ्रीटॉल सुचविले. त्याच्या एकाच रेणूत दोन थायॉल गट आहेत. पहिला गट प्रथिनातील गंधकाशी जोडला जातो. लगेच दुसरा गट त्याला सोडवून स्वतः सहा अणूंचे स्थिर वलय तयार करतो. या वलयनिर्मितीमुळे समतोल क्षपणाच्या बाजूस झुकतो व थोड्या द्रव्याने काम भागते. लक्षणीय गोष्ट अशी की, क्लीलंड यांनी हे द्रव्य पुढे आणले ते थायॉल गटांचे रक्षण करणारे म्हणून. बंध तोडणे ही त्याच गुणधर्माची दुसरी बाजू होय.

या अभिकारकाच्याही मर्यादा आहेत. आम्लधर्मी विद्रावात त्याचा प्रभाव मंदावतो आणि हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होते. म्हणून 1991 पासून फॉस्फीन वर्गातील एक जलविद्राव्य क्षपणकही प्रचारात आले. तथापि क्लीलंड यांच्या अभिकारकाचे स्थान आजही अबाधित आहे.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बंध नष्ट करणे पुरेसे नव्हते. तो पुन्हा जुळू शकेल अशा रीतीने तोडता आला, तेव्हाच प्रथिनाच्या आकाराचे रहस्य त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमात आहे, हे प्रयोगाने सिद्ध करता आले. कोणता प्रश्न विचारता येईल हे बऱ्याच अंशी हाती असलेल्या अभिकारकावर अवलंबून असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.