ट्रॅकसाठी पहिली गाडी: हलकी, स्वस्त आणि घरी परत येणारी

परतवाड्याहून चिखलदऱ्याला कोणी किती मिनिटांत गाडी चढवली, हा तेथील तरुणांच्या गप्पांमधला जुना विषय आहे. सुमारे तीस किलोमीटरचा हा रस्ता १,१०० मीटरहून अधिक उंचीवर जातो. वळणे भरपूर, दृश्य देखणे आणि चालकाला स्वतःच्या कौशल्याविषयी भ्रम व्हावा इतका मोह. परंतु याच रस्त्यावर एसटी बस असते, पर्यटकांची कुटुंबे असतात आणि मेळघाटच्या जंगलातून अचानक रस्त्यावर येणारी जनावरे असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ मधील दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वेगाची हौस असलेल्यांसाठी ‘ट्रॅक डे’ हा सरळ मार्ग ठरतो.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरून, स्वतःची गाडी घेऊन, बंदिस्त ट्रॅकवर ठरावीक वेळ चालवण्याचा हा दिवस. समोरून वाहन येत नाही, झाडे व कठडे दूर असतात, झेंडे दाखवणारे कर्मचारी व रुग्णवाहिका हजर असतात. चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात. ओव्हरटेक कोठे करायचे हे आधी सांगितले जाते. एक सत्र साधारण पंधरा-वीस मिनिटांचे असते. ऐकायला हे अल्प वाटते, पण पूर्ण जोराने चालवलेली पंधरा मिनिटे साध्या गाडीच्या ब्रेकना पुरेशी जड जातात.

अडचण अंतराची आहे. देशातील मोठे ट्रॅक वऱ्हाडापासून लांब आहेत. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जेथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, ते पाच किलोमीटरहून थोडे मोठे. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासूनचा, सुमारे ३.७ किलोमीटरचा. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी दोन किलोमीटरच्या आसपास. परतवाड्याहून कोणताही ट्रॅक गाठायचा तर एका बाजूचा प्रवास हजार किलोमीटरच्या घरात किंवा त्याहून अधिक. गाडी ट्रकवर लादून नेण्याचा खर्च पहिल्यांदा येणाऱ्याला परवडत नाही. म्हणून ती स्वतःच्या चाकांवर जाणार, दिवसभर पिळून घेतली जाणार आणि पुन्हा स्वतःच्या चाकांवर बैतूलमार्गे घरी येणार. पुण्या-मुंबईतील हौशी मंडळींचे सल्ले येथे अपुरे पडतात. वऱ्हाडातल्या माणसासाठी पहिला निकष अश्वशक्तीचा नाही. वाटेत गाडी बंद पडली तर तिचा सुटा भाग पुढच्या तालुक्याच्या गावी मिळेल का, हा आहे.

कोइंबतूरच्या ट्रॅकला ज्यांचे नाव आहे त्या एस. करिवर्धन यांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले होते. रेसिंग कारसाठी त्यांनी परदेशी इंजिनांच्या मागे न लागता मारुती ८०० चे ७९६ सीसी इंजिन घेतले व त्यातून ‘फॉर्म्युला मारुती’ हा वर्ग उभा राहिला. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नरेन कार्तिकेयन आरंभी याच वर्गात धावला. कमी ताकदीची गाडी शिकवते अधिक. कारण वळणात गमावलेला वेग सरळ रस्त्यावर इंजिनाच्या जोरावर भरून काढता येत नाही.

या दृष्टीने जुनी स्विफ्ट ही सर्वांत समंजस निवड. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीला १.३ लिटरचे इंजिन होते; २०१० पासून १.२ लिटरचे आले. २०१८ मधील पिढी तर नऊशे किलोच्या आसपास उतरली. ताकद ऐंशी अश्वशक्तीहून थोडी अधिक; नवशिक्याला ती मुळीच कमी नाही. २०१९ नंतरच्या सर्व गाड्यांत एबीएस अनिवार्य असल्याने त्या वर्षानंतरची गाडी परवडली तर उत्तमच. एस्टीम ही वजनाने हलकी, वळायला चपळ आणि रॅलीवाल्यांची लाडकी. परंतु तिचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. न गंजलेली एस्टीम सापडणे हे आता नशिबाचे काम आहे. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते आणि जुन्या गाड्यांबाबत दिल्ली परिसराचे नियम निराळे व वारंवार बदलणारे आहेत. नोएडाला निघण्यापूर्वी ते तपासले नाहीत, तर ट्रॅकच्या दारात पोहोचण्याआधीच दिवस संपायचा.

१९९८ ते २००३ या काळातील होंडा सिटीचे दीड लिटरचे इंजिन आजही नावाजले जाते. मात्र मन लावून सांभाळलेली सिटी मालक सहसा विकत नाही आणि विकली तर किंमत हौशीची लावतो. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो चालवायला भक्कम, तिच्या नावाची शर्यतमालिकाही २०१० मध्ये सुरू झाली. तथापि २०२२ मध्ये उत्पादन बंद झाले असून दुरुस्ती स्विफ्टइतकी स्वस्त नाही. उंच एसयूव्ही, नाकाशी जड डिझेल गाड्या आणि गॅस किट बसवलेल्या गाड्या या कामासाठी टाळाव्यात.

व्यवहारात कागद आधी पाहावेत. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, गाडी दुसऱ्या जिल्ह्यातील असेल तर एनओसी मिळणार का, विमा आपल्या नावे होणार का. मग गाडी उचलून खालून पाहावी. पुढचे पत्रे, चेसिसचे जोड आणि वेल्डिंगच्या खुणा अपघाताची कथा सांगतात. दारांवरील ओरखडे क्षम्य; वाकलेली चेसिस नव्हे. हातातील रकमेचा तिसरा हिस्सा तरी खरेदीत खर्च न करता राखून ठेवावा.

तो जातो कोठे? सर्वांत आधी ब्रेककडे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता होऊन डिस्कमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते; डॉट ३ चे नवे ऑइल २०५ अंशांपर्यंत टिकते, ओलावा शिरलेले मात्र १४० अंशांना उकळू शकते. ऑइल उकळले की पेडल थेट तळाला जाते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असल्याने कंपनीने चालवण्यास हरकत घेतली नसेल तर ते भरावे, तेही नव्या डब्यातले. सोबत नवे पॅड, नवे कूलंट, नवे इंजिन ऑइल आणि चार चांगले टायर. गोटा झालेल्या टायरांवर रुंद अलॉय व्हील बसवणाऱ्यांची संख्या कमी नाही; पैसे नेमके उलट दिशेने खर्च होतात. एक्झॉस्टचा आवाज वाढवणे, सस्पेन्शन खाली बसवणे हे पहिल्या वर्षी नकोच. मूळ रचनेत केलेले असे बदल कायद्यातही अडकतात.

विम्याविषयी बहुतेकांचा गैरसमज असतो. नेहमीच्या मोटार विम्यातून संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी कठड्याला घासली तर खर्च स्वतःच्याच खिशातून, हे गृहीत धरूनच किंमत ठरवावी. जी गाडी मोडली तर घराचा हप्ता थकेल, ती गाडी ट्रॅकवर नेऊ नये. घरातली एकुलती एक गाडी न्यायची असेल, तर हा हिशेब घरच्यांसमोर मांडूनच निघावे.

ट्रॅकवर पहिली फेरी टायर व ब्रेक तापवण्यासाठी सावकाश आणि शेवटची ते थंड करण्यासाठी सावकाश चालवतात. पिटमध्ये आल्यावर तापल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी लावावी. परतीला निघण्यापूर्वी चाकांचे नट आवळून, टायरची हवा व पॅडची जाडी पाहून, शक्यतो रात्रीचा मुक्काम करून सकाळी निघावे. दिवसभर ट्रॅकवर राहिलेल्या नजरेला महामार्गावरील वेग कमीच भासतो, आणि बैतूलकडून परतवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर धोका दाखवायला पिवळा झेंडा घेऊन कोणी उभे नसते.